चासीतला भंडारा

आमच्या मालकांना बायको एक आन् जीप एक. दोघींत थोरली कोण, हे मला इचारू नका. लग्न होऊन मी ह्या वस्तीवर आले तवा जीप दारात उभी होती, आन् मला ओवाळायच्या आधी सासऱ्यांनी तिच्यावर भंडारा उधळला. मी आपली माप ओलांडायची वाट बघत उन्हात उभी. तवाच समजायला पाहिजे होतं.

मालकांचं नाव भैरू. न्हावऱ्याच्या अलीकडं आमची वस्ती, समदी धनगरांची घरं. आता जो तो ऊस, कांदा करतो, पण मालकांचा जन्म मेंढरांमागं झालेला. माझे सासरे म्हाळूआप्पा दर साली दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचे. मालकांचं सगळं बालपण पायी गेलं. साळंचं नाव न्हाई, पायताणाचं न्हाई. मग कालव्याचं पाणी आलं, आप्पांनी कळप विकला आन् मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी जीप घरी आणली. आख्ख्या कळपाची एक जीप! लोक पोट धरून हसले. आप्पा म्हणाले, "मेंढरू रोगानं जातंय, लांडगा नेतोय. हिला कोण नेतंय?"

त्या जीपवर मालकांनी जन्म काढला. शिरूर, न्हावरा, पार नदीपल्याड केडगावपर्यंत शिटं मारायची, म्हंजी भाड्याची माणसं न्यायची. अडलेली बाई असली तर भाडं घ्यायचं न्हाई, हा त्यांचा नेम. माणूस तसा मऊ हाय हो. कुणाला अरे म्हणून बोलणार न्हाई, ताटात मीठ कमी असलं तरी मुकाट जेवणार. पण जीपच्या टपावर कुणी पाय ठेवला की खलास, मग पाव्हणा असो न्हाईतर पाटील असो. दुपारच्या झोपंला घरात खाट असून जीपमधी जाऊन निजायचे. मी म्हणायची, "जेवायलाबी तिकडंच वाढू का?" तर नुसते गालात हसायचे.

आन् वस्तीतली एक पोरगी न्हाई जी ह्या गाडीत बसून सासरी गेली न्हाई. गोरगरिबाची, सावकाराची, समद्यांची पाठवणी मालकांनी केली. भीमेचा पूल ओलांडला की पल्याड दौंड तालुका. पुलावर गाडी थांबवायची, पोरीच्या हातानं नदीत नारळ सोडायचा, मग पुढं. आता आमच्या सोनमचं ठरलं, तेबी नदीपल्याड पारगावच्या अंगाला. एकुलती एक पोरगी. ती दुसऱ्याच्या गाडीतून जाईल हे मालकांच्या सपनातबी आलं नसतं.

आता नारळाचं सांगते, कारण समदं तिथंच अडलंय. अमावास्या आली की गाडीला नारळ, हे तर घरोघरी हाय. लोक चाकापुढं दगडावर फोडतात. आमच्यात तसं न्हाई. आप्पा म्हणायचे, दगडाला कशापायी पाणी पाजायचं? आमचा नारळ थेट चासीच्या नाकावर फुटायचा. चासी म्हंजी गाडीचा सांगाडा, दोन लांब लोखंडी दांडे, आतून पोकळ. इंजिन, बॉडी, माणसं, समदा भार त्यांच्यावर. त्या दांड्यांची तोंडं पुढच्या अंगाला उघडी असतात. नारळाचं पाणी त्या तोंडातून आत जायचं, मागनं मूठभर भंडारा. "पी गं बाई," असं आप्पा म्हणायचे. आप्पा गेले, मालकांनी तेच चालवलं. सोनम झाली तवा हे कुठंतरी लांब भाड्यावर होते, माझ्याजवळ कुणी नव्हतं, पण त्या अमावास्येचा नारळ काय चुकला न्हाई. सांगायचं तात्पर्य, एवढी वर्सं ती गाडी पीत होती.

लगीन ठरलं तशी मालकांनी गाडी न्हावऱ्याला मारुतरावांच्या गॅरेजात नेली. ब्रेक बघा, ऑइल बदला, एवढंच काम. मीबी बाजाराला म्हणून बरोबर गेलेली. मारुतराव गाडीखाली शिरले आन् हातोडीनं चासी ठोकत गेले. आधी ठण्ण, ठण्ण. मग डायवरच्या सीटखाली आले आन् आवाज बदलला. थप्प. परत मारलं. थप्प. त्यांनी पेचकस घेतला आन् टोक दाबलं, तर ते लोखंडात मुठीपर्यंत गेलं.

मग त्यांनी मशिनीनं चासीला खालून एक खिडकी कापली. आतनं पहिल्यांदा पाणी गळलं, आन् मग भदाभद चिखल पडला. तांबडा, पिवळा, ओला. खवट खोबऱ्याचा वास सगळ्या गॅरेजात सुटला. मारुतराव बाहेर आले, हात पुसले आन् म्हणाले, "भैरू, पाजून पाजून मारलीस रं हिला."

आता शहाण्या माणसानं काय करावं? कपाळाला हात लावावा. आमच्या मालकांनीबी कपाळाला हात लावला, पण हातात तो चिखल घेऊन. खाली बसले, चिमूट उचलली, कपाळाला लावली आन् डोळ्यात पाणी. म्हणाले, "आप्पांच्या हातचा भंडारा हाय ह्यो. एवढी वर्सं हितं राहिला. म्हंजी देव हितंच बसलाय."

मारुतराव माझ्याकडं बघाय लागले. मी म्हणले, "माझ्याकडं काय बघताय? गंज हाय म्हणून सांगा त्यांना."

सांगितलं की त्यांनी! चांगलं अर्धा घंटा सांगितलं. दौंडला एका भंगारवाल्याकडं अशाच जीपची चासी पडलीय, कोरडी, सरळ, कुठं डाग न्हाई. ती आणा, वरची बॉडी, इंजिन समदं तिच्यावर बसवून देतो, कागदाचं आरटीओत बघून घेऊ. मालक म्हणाले, "ठिगळ मारा." मारुतराव म्हणाले, "ठिगळ कशाला शिवू? जुनं कापड सुई तरी धराय नको का? ह्याच्यावर माणसं बसवायची म्हंजी जीवाशी खेळ हाय. मी न्हाई करणार." मालकांनी गाडी हळूहळू घरी आणली. गाडी खड्ड्यात गेली की मी सीटखाली वाकून बघायची.

दुसऱ्या दिवशी गेले बिरदेवाला कौल लावायला. वस्तीवरच देऊळ हाय. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या चिकटवायच्या, प्रश्न इचारायचा. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. मालकांनी इचारलं, "देवा, चासी बदलू का?" डावी पडली. झालं! घरी आले ते नाचतच.

मी इचारलं, "पोरगी बसवू का, गाडी धरंल का, असं इचारलं का?"

"तेच की ते."

"तेच कसं? देवाला जेवढं इचारलं तेवढं देव सांगतो. तुम्ही लोखंडाचं इचारलं, त्यानं लोखंडाचं सांगितलं. पोरीचं इचारा जाऊन परत."

म्हणाले, "एका कामाला दोनदा कौल लावत न्हाईत." लावत न्हाईत हे खरं हाय.

मारुतराव करंनात म्हणल्यावर मालकांनी भाच्याला बोलावलं. दत्ता, थोरल्या नणंदेचा, ताईबाईंचा पोरगा. कारेगावात खोली करून राहतो, कंपनीत वेल्डिंगला हाय. हात चांगला हाय पोराचा, न्हाई म्हणत न्हाई मी. पण मामापुढं त्याला न्हाई म्हणता येत न्हाई, हा त्याचा रोग. ह्या जीपच्या मांडीवरच वाढलाय तो. सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन आला, खाली वाकून बघितलं, आन् त्याचं तोंड पडलं. "मामा, लई गेलंय हो. पार इंजिनाच्या मागपर्यंत गेलंय."

"कौल मिळालाय," मालक म्हणाले. दत्तानं मशीन जोडली. त्यानं दोन्ही अंगांनी जाड पट्ट्या कापल्या. मालकांनी काय करावं? गॅरेजातनं तो चिखल पातेल्यात भरून आणलेला. तो हातानं परत चासीत भरला.

दत्ता म्हणाला, "मामा, ओल आत राहील. आतनं खातच जाणार ते."

"ओल न्हाई ती. परसाद हाय. लाव पट्टी."

आन् त्यानं लावली. दिवसभर ठिणग्या उडत होत्या. संध्याकाळी वर काळा रंग मारला. अशी चकाचक दिसाय लागली की परवाच कारखान्यातनं आल्यासारखी. येईल तो म्हणायचा, वा भैरूआबा, नवीन केली की! मी मात्र रंगाकडं बघून घाबरले. आधी निदान गंज दिसत तरी होता.

गाडी धुवायचं काम माझं. बॉनेट आन् पुढच्या काचेची चौकट ह्यांच्यामधी एक फट हाय. त्यात अडकलेला पाला मी बोट घालून काढायची, वर्सानुवर्सं. रंग दिल्यावर धुवाय घेतली तर बोट जाईना. करंगळी गेली. मी मालकांना बोलावून दाखवलं. "रंगाचा थर बसला असंल," म्हणाले. मी म्हणले, "रंग हाय का चपाती, एवढा जाड बसायला?" तर निघून गेले.

मग मीच हट्टाला पेटले. म्हणले, "ठीक हाय. तुमची गाडी धरती ना? मग माणसं बसवायच्या आधी कांदा बसवा. वऱ्हाड जेवढं बसंल तेवढ्या वजनाच्या गोणी भरा, पूल ओलांडून पल्याड जा, आन् परत या. आलात तर मी स्वतः सोनमला हाताला धरून बसवीन. पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

मला वाटलं चिडतील. चिडले न्हाईत. म्हणाले, "रास्त हाय तुझं." कांदा चाळीत होताच. आम्ही दोघांनी मिळून गोणी भरल्या, गाडीत चढवल्या, एका बाजूनं मी, एका बाजूनं ते. गाडी खाली बसली. मी जाऊन फट बघितली. नख जाईना. बॉनेटचा पत्रा चौकटीला टेकला होता, नवा रंग तिथं खरवडला होता. मी ओरडले, "अहो, उतरा! बघा हे, चासी मधनं वाकलीय, म्हणून फट मिटली!" त्यांनी बघितलं. खरं सांगते, त्यांनी नीट बघितलं. मग देवाचं नाव घेतलं आन् चावी मारली. मी दाराला धरलं होतं. त्यांनी माझा हात हळूच सोडवला आन् म्हणाले, "कौल हाय गं. भिऊ नको."

फोन पुलाकडच्या टपरीवाल्याचा आला. नदीकडं उतार लागतो तिथं ब्रेक दाबला आन् गाडी मधनंच खाली बसली. पुढचं तोंड एकीकडं, मागचं एकीकडं. गोणी पुढं आल्या, सीट पुढं आलं, आन् मालकांचा डावा पाय पत्र्यात. ऊसतोडीच्या माणसांनी पहारी घालून काढलं. मी पोचले तवा रस्ताभर कांदे होते, आन् त्या मोडलेल्या दांड्यातनं पिवळा चिखल गळत होता. पुण्याला नेलं. गुडघ्याखाली पाय काढला.

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी लई रडले, पण मनात एक होतं ते सांगते. सोनम त्यात नव्हती. तिथं पोरीच्या मांडीवर करवल्या असत्या, पुढं पाठराखीण असती, मागं पोरं लोंबकळली असती. कांदा होता म्हणून कांदा सांडला. एवढं झाल्यावर आता तरी ह्या माणसाचे डोळे उघडतील, असं मला वाटलं.

म्हणून हे दवाखान्यात असतानाच मी बकऱ्या विकल्या, मारुतरावांना बरोबर घेतलं, टेम्पो केला आन् दौंडहून ती चासी उचलून आणली. चांगली चासी हाय हो! मी स्वतः हातोडीनं ठोकून बघितली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळीकडं ठण्ण. बाभळीखाली विटांवर ठेवली. मारुतराव म्हणाले, वहिनी, आठ दिवसांत बसवून देतो, लग्नाच्या आधी.

मालक कुबड्या घेऊन घरी आले. खाटंवर बसून चासीकडं बघत राहिले. "ही कुणाची?"

"आता आपली."

"आधी कुणाची होती? तिच्यावर कोण बसलं, कोण मेलं, ठावं हाय का तुला?"

"तुमच्या चासीवर कोण मेलं असतं, ते ठावं हाय मला!" मी म्हणले.

त्यांनी आवाज चढवला न्हाई. माझा हात धरला, शेजारी बसवलं आन् म्हणाले, "गीता, तुला कळंना झालंय. देवानं त्याचं घेतलं. त्याचं काहीतरी राहिलं होतं आमच्याकडं, माझ्या पायावर भागलं. आता गाडी शांत झाली. आता तिच्यात पोरगी बसली तर तिला काय होत न्हाई."

मी सगळीकडं बघितलं, कुणीतरी म्हणेल, भैरू, खुळा झालास काय. ताईबाई दारात बसल्या होत्या. त्या मान हलवून म्हणाल्या, "व्हय बाई. एकदा घेतलं की तो परत मागत न्हाई." वस्तीवर ज्याला त्याला हे पटलं! पाय गेला तर गाडीवरचा विश्वास वाढला लोकांचा. दारात ओढून आणलेल्या मोडक्या जीपला कुणी येऊन नारळ द्यायला लागलं. कुठं डोकं आपटावं?

दत्ताला परत बोलावलं. ते पोरगं रडत रडत वेल्डिंग करत होतं. मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले होते. म्हणले, "दत्ता, बाळा, न्हाई म्हण." तर म्हणाला, "मामी, माझ्या पट्टीनं त्यांचा पाय गेला. आता कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?" लग्नादिवशी गाडी चालवणारबी तोच. बाभळीखालच्या चासीवर कोंबड्या बसतात आता.

जावयाला फोन केला. महेंद्र, कुरकुंभला कंपनीत हाय, शिकलेला पोरगा. म्हणले, तुम्ही तरी सांगा, तुमच्या मित्राच्या कारमधी न्या तिला. तो हसला. "आई, आमच्याकडं सगळे त्या जीपचीच वाट बघतायत. जुन्या जीपमधून नवरी येणार, फुलं लावणार, रील काढणार. भारी दिसतं ते!" मी फोन ठेवला. त्याला काय शिव्या घालणार, नवा जावई.

आज हळद होती. उद्या लगीन. सकाळी पोरींनी सोनमला हळदीच्या अंगानं जीपमधी बसवलं, फोटोसाठी. गाडी रिकामी, एकटी सोनम. पोरगी तर काडीची हाय. मी पुढं गेले आन् फटीत हात घातला. ती चढायच्या आधी करंगळी जात होती. ती बसली आन् माझं नख चिमटलं.

पोरी पांगल्यावर मी तिला तिथंच सीटवर धरलं. समदं सांगितलं. फट दाखवली, खरवडलेला रंग दाखवला, माझं काळं पडलेलं नख दाखवलं. पोरगी बारावी झालीय, खुळी न्हाई. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "आई, मला दिसतंय की. मी परवाच बघितलं."

"मग उतर की बये! बापाला सांग, मी बसत न्हाई म्हणून. तुझं ऐकतील ते."

तिनं खाटंकडं बघितलं. मालक तिथं बसले होते, धोतराची मोकळी टोकं पायाच्या थोटकाखाली दुमडून, आमच्याकडं बघून हसत होते. किती दिवसांनी हसले होते.

सोनम म्हणाली, "मी बसले न्हाई, तर आबांचा पाय कशासाठी गेला? त्यांना वाटतंय माझ्यासाठी गेला. ते मोडलं तर आबा जगत न्हाईत, आई."

तिच्या गालाची हळद माझ्या हाताला लागली होती, ती मी पदराला पुसली. मग म्हणले, "उद्या तुझ्या शेजारी माझी जागा ठेव."

"आई कुठं लेकीबरोबर सासरी जाती का? लोक हसतील."

"सासरी न्हाई येत," मी म्हणले. "पूल ओलांडंपर्यंत येते."